ड्रायव्हर किती लांब हवा? आधी मनगट मोजा

गोल्फच्या दुकानात रांगेने लावलेले ड्रायव्हर, म्हणजे बॉल सगळ्यात लांब मारायचे क्लब, पाहा. पुरुषांचे जवळपास सगळे ४५.५ ते ४६ इंचांच्या दरम्यान, बायकांचे त्याहून इंच-दीड इंच कमी. पाच फूट चार इंचांचं गिऱ्हाईक आलं तरी तोच ड्रायव्हर, सहा फूट दोन इंचांचं आलं तरी तोच. शर्टाला ३८, ४०, ४२ असे नंबर असतात, बुटांना असतात, हातमोज्यालाही असतात. बॅगेतल्या सगळ्यात महागड्या दांडक्याला मात्र सरसकट एकच माप. त्यामुळे 'माझ्या उंचीला किती इंची शाफ्ट (दांडी) लागेल?' हा प्रश्न रास्तच आहे. फक्त उंचीवरून मिळतो तो पहिला अंदाज. पक्का आकडा फेसवर, म्हणजे हेडच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर, बॉल कुठे लागतो यावरून ठरतो.

आधी एक घोळ निस्तरू. शाफ्टची लांबी वेगळी, क्लबची वेगळी. शाफ्ट म्हणजे नुसती दांडी; क्लब म्हणजे दांडी, खालचं हेड आणि वरची ग्रिप (मूठ) मिळून. ड्रायव्हरचा सुटा ग्राफाइट शाफ्ट बहुधा ४६ इंचांचा येतो. त्याचं बारीक टोक अ‍ॅडॅप्टरमध्ये चिकटवतात, अ‍ॅडॅप्टर हेडच्या मानेत बसतो, खाली हेडची उंची मिळते आणि वर ग्रिपच्या टोपीचा सुमारे ३ मिलिमीटरचा थर चढतो. कारागिराला "४४ इंची शाफ्ट कर" म्हटलं आणि त्याने ते शब्दशः घेतलं, तर हातात येणारा क्लब ४४ पेक्षा बराच लांब निघतो. "तयार क्लब, ग्रिपसकट, ४४ इंच" असं सांगा. कागदावर लिहून दिलं तर आणखी बरं.

मोजायची अधिकृत रीत अशी: क्लब सपाट टेबलावर आडवा ठेवायचा, हेडचा तळ ६० अंशांच्या कलत्या पृष्ठभागाला टेकवायचा आणि हे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथपासून ग्रिपच्या माथ्यापर्यंत अंतर घ्यायचं. घरी एवढा सरंजाम नको. फरशीवर क्लब खेळायच्या स्थितीत ठेवा, तळ नीट टेकू द्या आणि पोलादी टेप हीलच्या (हेडच्या शाफ्टजवळच्या टोकाच्या) मागे फरशीला लावून शाफ्टच्या मागच्या बाजूने वर ग्रिपच्या टोकापर्यंत न्या. दोन रीतींच्या आकड्यांत पाव इंचाचा फरक पडू शकतो. तो पडला तरी चालेल, पण सगळे क्लब एकाच रीतीने मोजा. दुकानातल्या पाटीवरचा आकडा आणि घरच्या टेपचा आकडा यांची तुलना करून "मला कमी इंचांचा दिला" असं भांडायला जाऊ नका.

आता हे ४५.५ आलं कुठून? लाकडी हेड आणि स्टीलचा शाफ्ट होता तेव्हा ड्रायव्हर ४३ ते ४३.५ इंचांचा असे. स्टीलचा शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. ग्राफाइट ६० ग्रॅमवर आला, काही त्याच्याही खाली गेले. शाफ्ट निम्म्याने हलका झाल्यावर क्लबची लांबी दोन इंच वाढवली तरी हाताला एकूण तोल तेवढाच लागतो. शिवाय लांब क्लबचं हेड थोडं जास्त वेगाने फिरतं, दुकानातल्या सिम्युलेटरवर त्यातला एखादा फटका नेमका मधोमध बसतो आणि स्क्रीनवर मोठा आकडा दिसतो. उरलेले नऊ फटके कुणी लक्षात ठेवत नाही. लांबी वाढत गेली ती अशी. गिऱ्हाइकाच्या उंचीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

उंचीपेक्षा मनगट जास्त खरं बोलतं. दोन माणसं पाच फूट आठ इंचांचीच, पण एकाचे हात लांब आणि पाय आखूड, दुसऱ्याचं उलट. क्लब हातात धरायचा असतो, म्हणून हात जमिनीपासून किती वर आहेत हे बघायचं. रोजचे गोल्फचे बूट घालून सपाट फरशीवर ताठ उभे राहा, नजर समोर, खांदे सैल, हात बाजूला मोकळे सोडलेले. मनगटाच्या आतल्या बाजूला तळहाताजवळची जी ठळक आडवी रेघ असते तिथपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. स्वतः मोजायला वाकलात की खांदा खाली येतो आणि माप इंचभर चुकतं. दोन्ही हात मोजा, कारण एक खांदा उतरलेला असणं अगदी सामान्य आहे. फरक निघाला तर सरासरी धरा.

ढोबळ मानाने माणसाचं मनगट त्याच्या उंचीच्या निम्म्याहून किंचित खाली असतं. पाच फूट चार इंचांच्या माणसाचं बुटांसकट ३२ इंचांच्या आसपास, पाच फूट दहाचं ३५ च्या जवळ, सहा फूट दोनचं ३७ च्या आसपास. म्हणजे उंचीत दहा इंचांचं अंतर असलं तरी मनगटाशी ते पाचवर येतं. त्यातही उंच माणूस बॉलपाशी जरा जास्त वाकून उभा राहतो. "माझा भाऊ माझ्याहून सहा इंच उंच आहे, तर त्याचा ड्रायव्हर तीन इंच लांब हवा" हे गणित म्हणूनच बसत नाही.

मनगटावरून तयार क्लबच्या लांबीची सुरुवात साधारण अशी धरतात:

मनगट २९ ते ३२ इंच – ड्रायव्हर ४२.५
३२ ते ३४ – ४३
३४ ते ३६ – ४३.५
३६ ते ३७ – ४४
३७ ते ३८ – ४४.२५
३८ ते ३९ – ४४.५
३९ ते ४० – ४४.७५
४० ते ४१ – ४५
४१ च्या पुढे – ४५.५ आणि वर

पहिल्यांदा हा तक्ता बघणाऱ्याला वाटतं, छापताना काहीतरी चुकलं. चूक काही नाही. तक्त्याचा मध्य ४३.५ ला, म्हणजे जुन्या स्टीलच्या ड्रायव्हरच्या मापाला, धरलेला आहे आणि तो पाच फूट आठ ते सहा फूट उंचीच्या माणसाला लागू पडतो. दुकानातला ४५.५ चा ड्रायव्हर याच हिशेबाने बसवायचा तर मनगट ४१ इंचांच्या वर हवं. असा माणूस पावणेसात फुटांच्या पुढेच भरेल. याचा अर्थ ४५.५ ने कुणी खेळूच नये असा नाही. ज्याचा स्विंग जरा सपाट आहे, क्लब आतून बाहेर जातो, मनगटं उशिरा सुटतात आणि फटका बहुतेक वेळा मधोमध बसतो, त्याने तक्त्याच्या आकड्यात अर्धा ते एक इंच मिळवायला हरकत नाही. ज्याचा क्लब वरून बाहेरच्या बाजूने येतो आणि बॉल उजवीकडे वळतो (इथे आणि पुढेही उजव्या हाताने खेळणारा धरलाय), त्याने तक्त्याला चिकटून राहावं. त्याला प्रत्येक जादा पाव इंच महागात पडतो.

किती महागात, ते आकड्यांतच बघू. बॉलचा वेग म्हणजे हेडचा वेग गुणिले स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरवर मधोमध बसलेल्या फटक्याचा स्मॅश १.४८ ते १.५ पर्यंत जातो. टो (हेडचं शाफ्टपासून लांबचं टोक) किंवा हीलकडे सरकला की १.४ च्या आसपास घसरतो. समजा, ४४ इंचांच्या क्लबने हेड ताशी ९० मैलांनी येतंय आणि फटका मधोमध आहे. ९० गुणिले १.४८, बॉलचा वेग १३३. आता इंच-दीड इंच लांब क्लब घेऊन हेडचा वेग ९१.५ झाला, पण फटका हीलकडे गेला आणि स्मॅश १.४२ झाला. बॉलचा वेग १३०. बॉलच्या वेगातला एक मैल म्हणजे साधारण दोन यार्ड, तेव्हा लांब क्लबने सहा-सात यार्ड गमावले आणि वर दिशाही गेली. तोच लांब क्लब मधोमध बसला असता तर बॉलचा वेग १३५ च्या थोडा वर गेला असता, म्हणजे कमाई चार-पाच यार्डांची. ती चार-पाच यार्डांची कमाई दहातल्या किती फटक्यांत पदरात पडते, एवढाच हिशेब करायचा.

दिशेचं गणित याहून वाईट आहे. टोकडे लागलेला बॉल डावीकडे वळायला बघतो, हीलकडे लागलेला उजवीकडे. आधीच स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्याचा फटका हीलवर गेला की दोन्ही वळणं एकाच बाजूला जमा होतात. फेसच्या वरच्या भागात लागला तर बॉल उंच निघतो आणि फिरकी कमी घेतो, खालच्या भागात लागला तर खालून निघून फिरकी जास्त घेतो. येरवड्याच्या पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर दोन्ही बाजूंच्या झाडांतून बॉल काढणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावायला नको. पावसाळ्यात जमीन भिजली की बॉल घरंगळत नाही, हवेतून जाईल तेवढंच अंतर मिळतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लोकांना लांब शाफ्टची हुक्की येते. हवेतलं अंतर मधोमध बसलेला फटका देतो.

उंची आणि लांबीचा संबंध किती सैल आहे ते व्यावसायिक खेळाडूंच्या टूरवर बघा. टायगर वुड्सची उंची सहा फूट एक. २००० साली, म्हणजे त्याच्या सर्वांत भरात असलेल्या वर्षी, त्याच्या ड्रायव्हरला ४३.५ इंची स्टीलचा शाफ्ट होता. रिकी फाउलर पाच फूट नऊ. तोही २०१७ मध्ये ४३.५ वर उतरला होता, ग्राफाइट असून. आणि फिल मिकल्सन सहा फूट तीन. त्याने २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नाशीत जिंकली ती ४७ इंचांहून लांब ड्रायव्हर घेऊन. तिघंही आपापल्या फेसवर बॉल कुठे लागतो ते जाणून होते. त्यानंतर १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा घालता येईल असा स्थानिक नियम आला आणि पीजीए टूरने तो लगेच लागू केला. मूळ नियमात पटर (भोकाजवळ बॉल ढकलायचा क्लब) सोडून बाकी क्लबना ४८ इंचांची मर्यादा आहेच. ४६ ची मर्यादा स्पर्धेच्या समितीने तो स्थानिक नियम लावला तरच. क्लबातल्या महिन्याच्या स्पर्धेत बहुधा प्रश्न येत नाही, पण नियमांचा कागद बघून घ्यावा.

लांबी कमी करून बघायला फुकट उपाय आहे: ग्रिप खाली धरा. पण "थोडं खाली धरून चार बॉल मारले, काही फरक वाटला नाही" ही चाचणी नव्हे. नीट करायची तर एक व्हाइटबोर्डचं मार्कर, एक मेजर टेप, दहा रुपयांचं नाणं आणि रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) पन्नास-साठ बॉल लागतील.

ग्रिपवर खडूने किंवा पांढऱ्या पेनने खुणा करा. आधी नेहमीसारखा क्लब धरा आणि वरच्या हाताची तळव्याकडची कड कुठे येते ते बघा. पुष्कळ जण मुळातच टोपीपासून अर्धा इंच खाली धरतात. मग त्यांचा ४५.५ चा क्लब आधीच ४५ चा झालेला असतो. त्या कडेपासून खाली अर्धा, एक आणि दीड इंचावर खुणा. मग नाणं फेसच्या मधोमध ठेवून त्याच्याभोवती मार्करने गोल काढा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे इंचाला थोडा वर. एवढ्या गोलात बसलेला फटका चांगला मानायचा. बॉलवर मार्करने जाड ठिपका काढा, तो फेसकडे तोंड करून टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवा. फटक्यानंतर ठिपक्याचा ठसा फेसवर उमटतो. जागा वहीत टिपा आणि ओल्या फडक्याने ठसा पुसा. गोल पुसला गेला तर पुन्हा काढा.

क्रम महत्त्वाचा. आधी वीस बॉल पूर्ण लांबीने आणि मग वीस खाली धरून मारलेत तर दुसऱ्या वीसांचा निकाल चांगला येणारच, कारण तोवर अंग मोकळं झालेलं असतं. चार बॉल पूर्ण लांबीने, चार अर्धा इंच खाली, चार एक इंच खाली, चार दीड इंच खाली, आणि ही फेरी तीनदा. प्रत्येक लांबीला बारा ठसे मिळतील. टीची उंची प्रत्येक वेळी तीच ठेवा, बॉलचा अर्धा भाग हेडच्या माथ्यावर दिसेल इतकी. आणि क्लब आखूड धरला की बॉलच्या जवळ उभे राहा. पाय जुन्या जागीच ठेवून खाली धरलं तर ठसे टोकडे सरकतील आणि तुम्ही दोष लांबीला द्याल.

आता वही वाचा. नाण्याच्या गोलात बारापैकी किती, ही पहिली नोंद. उरलेले कुठे, ही दुसरी. ठसे टोपासून हीलपर्यंत फेसभर विखुरलेले असतील आणि खाली धरल्यावर एकत्र येत असतील, तर क्लब लांब आहे. ठसे घोळक्याने हीलकडे असतील तर उभं राहण्याचं अंतर आधी तपासा: फटक्याच्या तयारीत बॉलपाशी उभे असताना ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात वीतभराहून कमी, साधारण सहा इंच अंतर असावं. अंतर ठीक असूनही हील सुटत नसेल तर लांबीचा संशय घ्या. बुटक्या माणसाच्या हातात लांब ड्रायव्हर आला की टो हवेत उचलला जातो, हात वर येतात, स्विंग गरजेपेक्षा सपाट होतो आणि खाली येताना कंबर बॉलकडे ढकलली जाते. मग हील पुढे. उंच माणसाच्या हातात फार आखूड क्लब असेल तर तो गुडघे आणि कंबर जास्त वाकवून उभा राहतो, फटक्याच्या क्षणी अंग ताठ होतं आणि ठसे फेसच्या खालच्या भागात जमतात. कंबरही दुखते. अशाला लांबी वाढवून बघण्यात अर्थ आहे. पण असे लोक कमी, आणि मनगट ३८ च्या वर असल्याशिवाय तो विचारही करू नका.

या चाचणीत एक खोट आहे आणि ती लक्षात ठेवूनच निकाल घ्यायचा. खाली धरलं की हेड हलकं वाटतं, शिवाय ग्रिपचा खालचा भाग बारीक असतो. काहींचा हात त्यामुळे घाईला येतो आणि फटके बिघडतात. शिशाची चिकटपट्टी आणा. अर्धा इंच रुंद पट्टीचा चार इंचांचा तुकडा साधारण दोन ग्रॅमचा होतो. अर्धा इंच खाली धरलंत तर तीन तुकडे, एक इंचाला सहा, हेडच्या तळाशी मागच्या बाजूला मधोमध. हीलकडे लावलेत तर बॉल डावीकडे वळायला मदत होते, टोकडे लावलेत तर उजवीकडे, म्हणून चाचणीपुरतं मधोमधच. खेळायला उतरताना पट्टी चालते. राउंड सुरू झाल्यावर ती काढायची किंवा हलवायची नाही. अ‍ॅडॅप्टर फिरवायलाही तीच बंदी.

दोन वेगळ्या दिवशी एकच लांबी जिंकली तर कापायचा विचार करा. आणि कापताना एका वेळी अर्धाच इंच. दीड इंच कमी करायचा असला तरी तीन टप्प्यांत करा, मध्ये एक-एक रेंज होऊ द्या. ग्रिप तीन वेळा बदलायला लागते हे खरं, पण ग्रिप शाफ्टपेक्षा स्वस्त असते.

कापल्यावर तोलाचं काय होतं ते आधी समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. स्विंग वेट हा हेड हाताला किती जड लागतं त्याचा आकडा. अर्ध्या इंचाला तो तीन अंकांनी हलतो. डी३ चा ड्रायव्हर एक इंच कापला की सहा अंक उतरून सी७ होतो (डी० च्या खाली सी९ येतो), म्हणजे बायकांच्या ड्रायव्हरसारखा हलका. हेडवर दोन ग्रॅम चढवले की एक अंक परत येतो, म्हणून इंचाला बारा ग्रॅम. दुकानातल्या ४५.५ च्या क्लबचं हेड दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं. ४४ ला तोच तोल हवा तर ते २१८ च्या जवळ न्यावं लागेल. सगळं भरून काढायलाच हवं असं नाही. पुष्कळांना दोन-तीन अंक कमी झालेले चालतात, उलट आवडतात. पण शून्य भरलंत तर हेड कुठे आहे ते हाताला कळत नाही, लय बिघडते, आणि माणूस दोन आठवड्यांत "आखूड ड्रायव्हर मला मानवला नाही" म्हणून मोकळा होतो. लांबीची काही चूक नसते.

वजन वाढवायचं कसं? हेडच्या तळाशी स्क्रूने बसणारं वजन असेल तर त्याच मॉडेलचा जड स्क्रू शोधा. एका कंपनीचा स्क्रू दुसरीला बसत नाही, पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बसत नाही. तो मिळाला नाही तर शिशाची पट्टी आहेच. दिसायला गचाळ, काम चोख. नवी ग्रिप निवडताना वजन बघा. पाच ग्रॅम हलकी ग्रिप लावली तर साधारण एक अंक हेडकडे सरकतो. ५० ग्रॅमच्या जागी ४० ची घेतली की दोन अंक फुकटात.

शाफ्ट वरूनच कापायचा, ग्रिपच्या बाजूने. टोकाकडून कापला तर तो एकदम ताठ होतो, आणि तिथे अ‍ॅडॅप्टर चिकटवलेला असतो. वरून कापल्यावरही तो थोडा ताठ वाटतो; वजन भरलंत की बराचसा पूर्ववत होतो.

प्रत्यक्ष कापताना: ग्रिप काढायला हुकाच्या आकाराचं पातं वापरा आणि स्वतःपासून लांब ओढा. सरळ सुरीने ग्रिप फाडताना पात्याचं टोक ग्राफाइटमध्ये घुसतं, चरा पडतो, आणि कधीतरी भर स्विंगमध्ये शाफ्ट त्याच रेघेवर फुटतो. जुनी चिकटपट्टी मिनरल टर्पेंटाइनने सोडवा. कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन वेढे द्या, गोल रेघ काढा आणि टेपवरूनच कापा म्हणजे कडेचे तंतू उपटत नाहीत. ग्रिपच्या टोपीचे ३ मिलिमीटर हिशेबात धरायला विसरू नका. बारीक दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड चालतं, मात्र एका बाजूने सरळ आरपार कापू नका. थोडं कापा, शाफ्ट फिरवा, पुन्हा थोडं. प्लंबरचा पाइप कटर ग्राफाइटला लावायचाच नाही. तो आवळून कापतो आणि आतले थर चिरडतो. व्हाइसमध्ये धरायचा तर मध्ये रबर हवं, आवळायचा हलक्या हाताने. ग्राफाइटची धूळ छातीत जाते आणि त्वचेला खाजते, म्हणून तोंडावर मास्क आणि खाली ओलं फडकं. कड बारीक पॉलिश पेपरने आतून-बाहेरून मारा. मग दुहेरी चिकटपट्टी, ग्रिपच्या आत टर्पेंटाइन, तेच टर्पेंटाइन पट्टीवर, आणि एका दमात ग्रिप तळापर्यंत ढकलायची. मध्येच थांबलात तर ती तिथेच रुतते. हेडची दिशा बघून ग्रिपवरची रेघ सरळ करायला मिनिटभर मिळतं. रात्रभर वाळू द्या. पेट्रोलने काम भागतं असं सांगणारे भेटतील; बंद खोलीत पेट्रोल उघडू नका.

लांबी वाढवायची असेल तर शाफ्टच्या वरच्या तोंडात जोड बसवतात. ग्राफाइटला ग्राफाइटचाच जोड घ्या, आतला व्यास मोजून. पाच मिनिटांत बसणारा एपॉक्सी नको, चोवीस तास घेणारा वापरा. दोन्ही पृष्ठभाग आधी खरवडून पुसलेले हवेत. एक इंचापुढे जोड देऊ नये. तिथून पुढे नवा शाफ्टच घ्यावा. अर्धा इंच वाढवला की स्विंग वेट वर चढतो आणि शाफ्ट थोडा मऊ लागतो, म्हणून वाढवताना हेडमधून वजन काढायची सोय आहे का ते आधी बघा.

लाय अँगलची (तळ टेकलेला असताना शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाची) चिंता करणारे पुष्कळ भेटतात: "आखूड केला की लाय चुकेल ना?" ड्रायव्हरला हा प्रश्न जवळजवळ लागू पडत नाही. लाय एक अंश चुकला तर फेस किती वळतो हे लॉफ्टवर, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे त्यावर, ठरतं. ५६ अंशांच्या वेजला (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबला) सुमारे दीड अंश, १० अंशांच्या ड्रायव्हरला एका अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. वेजचा लाय जरूर तपासा, ड्रायव्हरचा सोडून द्या. आखूड केल्यावर बॉल जरा खालून जातोय असं दिसलं तर अ‍ॅडॅप्टरने लॉफ्ट एक अंश वाढवा. फेस किंचित बंद होईल (डावीकडे वळेल), ते स्लाइसवाल्याच्या पथ्यावरच पडतं.

पाच फूट दोनच्या बाईला पुरुषांचा ड्रायव्हर कापून देणं हा चुकीचा सोपा मार्ग. लांबी जमते, पण शाफ्ट ताठ आणि जड राहतो. बायकांच्या क्लबपासून सुरुवात करून तोच खाली आणावा. मुलांच्या बाबतीत तर बाबांचा जुना ड्रायव्हर कापणं बंदच करायला हवं: दोनशे ग्रॅमचं हेड आणि आठ इंच कापल्यावर लोखंडाच्या कांबीसारखा झालेला शाफ्ट. मुलांचे क्लब उंचीच्या दर तीन इंचांना एक अशा मापांत मिळतात. तिथे मात्र उंची थेट चालते, कारण मूल दर वर्षी बदलतं. साठी ओलांडलेल्यांना लांब आणि हलका ड्रायव्हर सुचवला जातो. पाठ लवत नसेल आणि स्विंग संथ, सारखा असेल तर तो खरंच उपयोगी पडतो. नाण्याच्या गोलाची चाचणी त्यांनाही चुकलेली नाही.

जुना ड्रायव्हर घेताना टेप खिशात ठेवा. तो आधीच कुणीतरी कापलेला किंवा वाढवलेला असण्याची शक्यता मोठी. मॉडेलची मूळ लांबी कंपनीच्या माहितीत मिळते, तिच्याशी ताडा. शाफ्टवरचं नाव ग्रिपखाली अर्धवट घुसलेलं दिसलं तर कापल्याची शंका घ्या. ग्रिपच्या टोपीला बारीक भोक असतं. त्यातून सरळ केलेली सायकलची तार आत सोडा. तार सुळकन खाली गेली तर शाफ्ट मूळचा. इंच-दोन इंचांवर अडली तर आत जोड आहे किंवा तोलासाठी घातलेलं वजन. काय ते विकणाऱ्याला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर ग्रिप काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.